फायरिंग ऑर्डर इंजिनावरूनच कशी काढायची आणि वायरी कशा बसवायच्या

प्लग साफ करायला घेतले, चारही वायरी एकदम उपटल्या, आणि आता डेल्कोच्या (प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपवर कुठली वायर कुठल्या भोकात होती ते आठवत नाही. जळगावच्या गॅरेजात असो की साक्रीच्या रस्त्याकडेला, अशा वेळी शेजारी उभा असलेला कोणीतरी ठामपणे सांगतो, "एक-तीन-चार-दोन लाव." बहुतेक वेळा आकडा बरोबरच असतो. तरी गाडी सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते.

नुसत्या आकड्यानं, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमानं पेट घेतात त्या फायरिंग ऑर्डरनं, काम होत नाही, हे त्याचं कारण. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी लागतात: एक नंबरचा सिलिंडर कोणत्या टोकाला आहे, डेल्कोतला रोटर (मधला फिरणारा तुकडा) कोणत्या दिशेला फिरतो, आणि कॅपवरचं एक नंबरचं भोक कोणतं. या चारही गोष्टी इंजिनावर डोळ्यांनी बघता येतात. पुस्तक हाताशी असेल तर उत्तमच, नसेल तरी कुणाच्या आठवणीवर विसंबायची गरज नाही.

क्रम ठरतो कुठे

फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचे चार स्ट्रोक, म्हणजे सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर आणि एक्झॉस्ट, पूर्ण व्हायला क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्या लागतात, म्हणजे ७२० अंश. या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेट घेतो. उखळात दोघी-तिघी मिळून मुसळ चालवतात तेव्हा प्रत्येकीचा घाव सारख्या अंतरानं पडतो, म्हणून हात एकमेकांना आपटत नाहीत आणि दमही लागत नाही. इंजिनाचं तसंच आहे. चार सिलिंडर असतील तर ७२० भागिले ४, म्हणजे दर १८० अंशांना एक ठोका. तीन सिलिंडरला दर २४० अंशांना, सहा सिलिंडरला दर १२० अंशांना.

आता चार सिलिंडरचा क्रँक बघा. त्याच्या चार पिना एकाच पातळीत असतात: १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ त्यांच्या बरोबर विरुद्ध बाजूला. त्यामुळे १ नंबरचा पिस्टन माथ्यावर असतो तेव्हा ४ नंबरचाही माथ्यावर असतो, आणि मधले दोन्ही तळाशी. १ पेटल्यावर अर्ध्या फेरीनं माथ्यावर येणार ते २ आणि ३. म्हणजे पुढचा पेट या दोघांपैकीच एकाचा असणार, ४ चा असूच शकत नाही. त्यानंतरच्या अर्ध्या फेरीला ४ ची पाळी, आणि शेवटी मधल्यांपैकी उरलेला. म्हणजे या क्रँकवर क्रम दोनच शक्य आहेत: १-३-४-२ किंवा १-२-४-३. तिसरा नाही. १-२-३-४ असं कोणी सांगितलं तर तिथंच थांबवा. २ पेटल्यावर अर्ध्या फेरीनं ३ तळाशी असतो, तिथं पेट देऊन उपयोग काय?

या दोनांपैकी कोणता, ते कॅम शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवतो. २ आणि ३ दोघंही एकाच वेळी माथ्यावर येतात, पण त्यातल्या कुणाचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या वेळी बंद आहेत, हे कॅमच्या टेकाडांवर अवलंबून असतं. म्हणून वायरी बदलून फायरिंग ऑर्डर बदलत नाही. ती इंजिनात घडवलेली असते, वायरींनी फक्त तिच्यामागं जायचं. टायमिंग बेल्ट एक-दोन दात सरकला तर व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडतं, गाडी दम टाकते, पण क्रम तोच राहतो. बेल्ट बदलल्यावर गाडी मिसिंग मारायला (ठोके चुकवायला) लागली की "फायरिंग ऑर्डर बदलली" असं म्हणतात, ते खरं नसतं. दात चुकलेला असतो, नाहीतर काम करताना वायरी अदलाबदल झालेल्या असतात.

आपल्याकडच्या बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्या १-३-४-२ वर चालतात: जुनी १४८९ सीसीची अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी, विलीज घडणीची पेट्रोल जीप, जिप्सी, आणि डिझेलची बरीचशी इंजिनं.

तीन सिलिंडरमध्ये क्रँकच्या पिना १२० अंशांवर असतात आणि तिथं कॅमलाही निवड उरत नाही. पिस्टन माथ्यावर १, २, ३ असे येत असतील तर एक सोडून एक पेटतो, म्हणून क्रम १-३-२ होतो. मारुती ८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन असंच १-३-२ आहे. पर्किन्स घडणीची तीन सिलिंडरची ट्रॅक्टर इंजिनं मात्र १-२-३ वर असतात. ट्रॅक्टरवर हात बसलेला मिस्तरी ओम्नीला हात घालतो तेव्हा नेमकी इथंच गफलत होते.

सहा सिलिंडरचा एका ओळीतला ट्रक, रावेर-सावद्याहून केळी भरून निघतो तो, १-५-३-६-२-४ वर असतो. या क्रमात लागोपाठ पेटणारे दोन सिलिंडर कुठंच शेजारी-शेजारी नाहीत. एक ठोका पुढच्या भागात, तर दुसरा मागच्या, त्यामुळे क्रँकच्या एकाच टोकाला लागोपाठ मार बसत नाही.

जोडीचा हिशोब

हा हिशोब डोक्यात पक्का बसला की निम्मं काम सोपं होतं. जे दोन पिस्टन एकत्र वर-खाली होतात ती जोडी. चार सिलिंडरमध्ये जोडीची बेरीज ५ येते: १-४, २-३. सहामध्ये बेरीज ७ येते: १-६, २-५, ३-४. जोडीतला एक कॉम्प्रेशन संपवून माथ्यावर येतो तेव्हा दुसरा एक्झॉस्ट संपवून माथ्यावर येतो. तीन सिलिंडरमध्ये जोडी नसते.

टप्पेट कव्हर काढून क्रँक हळूहळू फिरवा आणि ४ नंबरच्या दोन्ही रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडे) बघत राहा. एक्झॉस्टचा रॉकर वर येत येत सैल होत असतो आणि तो पूर्ण सुटायच्या आतच इनलेटचा रॉकर दाबला जायला लागतो. क्रँक चार-पाच अंश पुढं-मागं हलवला की दोन्ही रॉकर तराजूच्या पारड्यांसारखे डोलतात, एक वर तर दुसरा खाली. याला मिस्तरी "टप्पेट डोलतंय" म्हणतात. ४ डोलत असेल तर १ कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आहे, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. १ च्या रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट बसवायची वेळ हीच.

तिथून अर्धी फेरी पुढं: २ डोलेल, ३ बसवा. आणखी अर्धी: १ डोलेल, ४ बसवा. आणखी अर्धी: ३ डोलेल, २ बसवा. ज्या क्रमानं फट बसवली तो बघा: १, ३, ४, २. पहिल्या अर्ध्या फेरीला २ ऐवजी ३ डोलला, तर समजा इंजिन १-२-४-३ चं आहे.

सहा सिलिंडरला तेच १२० अंशांनी: ६ डोलला की १, २ डोलला की ५, ४ डोलला की ३, १ डोलला की ६, ५ डोलला की २, ३ डोलला की ४.

क्रम काढायची दुसरी रीत आणखी सरळ आहे. फक्त इनलेट व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवा. १ चा इनलेट उघडला, त्यानंतर कुणाचा उघडतो ते लिहीत जा. जो क्रम येईल तीच फायरिंग ऑर्डर. इनलेट कुठला, एक्झॉस्ट कुठला, हे मॅनिफोल्डच्या नळ्या ज्याच्या समोर येतात त्यावरून कळतं. जुन्या अँबेसिडरमध्ये दोन-दोन इनलेट एकाच भोकात उतरतात, म्हणून नळीवरून फसायला होतं. तिथं पुढून ओळ अशी आहे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, आणि पुन्हा तशीच.

एक नंबर कुठला

उभ्या बसवलेल्या इंजिनात फॅनकडचा सिलिंडर एक नंबर, फ्लायव्हीलकडचा शेवटचा. आडव्या बसवलेल्या इंजिनात टायमिंग बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूचा एक नंबर. हा नियम बहुतेक सगळीकडे चालतो, पण रेनोच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात, म्हणजे डस्टर आणि लोगनमध्ये जे आहे त्यात, एक नंबर फ्लायव्हीलच्या बाजूला धरतात. अशा गाडीच्या स्कॅनरवर "सिलिंडर १" आलं आणि बेल्टकडचं नोझल (डिझेल फवारणारं तोंड) काढून तपासलं, तर चांगला भाग बदलला जातो आणि दोष तसाच राहतो.

डेल्को आणि वायरी बसवणं

आता प्रत्यक्ष काम. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकामागं दगड. चारही प्लग काढा, म्हणजे क्रँक हलका फिरेल आणि कॉम्प्रेशन हाताला झटका देणार नाही. अँबेसिडरला किंवा जुन्या जीपला हँडल घालता येतं, बाकीच्यांना पुलीच्या बोल्टवर पाना लावून फिरवा. फिरवायचं ते इंजिन चालतं त्याच दिशेला. थोडं पुढं गेलं तर तसंच उलटं आणू नका, पाव फेरी मागं नेऊन पुन्हा पुढून या. चेन-गिअरमधली ढील उलट्या बाजूला गेली की खूण दोन-तीन अंशांनी खोटी दिसते.

१ नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि दुसऱ्याला हळू फिरवायला सांगा. पिस्टन वर येत असताना हवा अंगठा ढकलून फुस्सकन बाहेर पडते. हा कॉम्प्रेशन स्ट्रोक. एक्झॉस्टला पिस्टन वर येतो तेव्हा अंगठ्याला काहीच दाब लागत नाही, कारण हवा उघड्या व्हॉल्व्हमधून निघून जाते. दाब लागायला लागला की पुलीवरची खूण बघत आणखी फिरवा आणि टायमिंग कव्हरच्या काट्यासमोर आणा. खूण घासून गेली असेल तर शरबताची लांब प्लॅस्टिकची नळी भोकात उभी धरा. ती वर चढायची थांबली, की पिस्टन माथ्यावर. तुरीची किंवा पऱ्हाटीची काडी यासाठी वापरू नका. ती आत मोडली तर हेड उतरवल्याशिवाय सुटका नाही.

१ कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना डेल्कोची कॅप उघडा. रोटरचं पितळी टोक आता ज्या भोकाकडे तोंड करून आहे, ते एक नंबरचं भोक. कॅपवर खडूनं नव्हे, पेंटनं खूण करा.

रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते आता बघायचं. रोटर चिमटीत धरून हलकेच पिळा. एका बाजूला तो स्प्रिंगच्या जोरावर थोडासा फिरतो आणि सोडला की मागं येतो, दुसऱ्या बाजूला जागचा हलत नाही. ज्या बाजूला हलतो तीच त्याची फिरायची दिशा, कारण आतली वजनं वेग वाढला की त्याला त्याच दिशेला पुढं ढकलतात. जुन्या अँबेसिडरचा रोटर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी जण सवयीनं सुलट बाजूनं १-३-४-२ लावतात, आणि प्रत्यक्षात ते १-२-४-३ होऊन बसतं.

दिशा कळली की एक नंबरच्या भोकापासून त्या दिशेनं पुढचं भोक ३, त्याच्या पुढचं ४, शेवटचं २. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून चार सिलिंडरच्या कॅपवर भोकं ९० अंशांवर, तीनच्या कॅपवर १२० वर आणि सहाच्या कॅपवर ६० वर असतात.

वायर बसवताना ती आत खटकन बसल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. अर्धवट बसलेली वायर आतल्या आत ठिणगी खाते, पितळेवर हिरवट-काळा थर चढतो, आणि महिनाभरानं तोच सिलिंडर मिसिंग मारायला लागतो.

आता टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते. आधी सीबी पॉइंटची (डेल्कोत उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) फट, मगच टायमिंग. फट बदलली की पॉइंट उघडायची वेळ बदलते, म्हणून उलटं केलं तर दोनदा काम करावं लागतं. जुन्या अँबेसिडरच्या डेल्कोला फट ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट असलेल्या मारुतीला ०.४ ते ०.५ मिमी. फिलर गेजचं पान किंचित घासत सरकलं पाहिजे. पॉइंटवर फोड आला असेल तर गेज फट खोटी दाखवतं. तो बारीक फाईलनं सपाट करा, नाहीतर पॉइंट बदला.

मग पुलीची खूण त्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या अंशावर, म्हणजे माथ्याच्या थोडी आधी, आणा. बॅटरी जोडा. १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलच्या ज्या टोकावरून डेल्कोला वायर जाते तिथं लावा, दुसरी इंजिनाच्या धातूला. इग्निशन चालू करा. डेल्कोचा क्लँप ढिला करून त्याचं शरीर रोटरच्या दिशेला फिरवा, पॉइंट बंद होतील आणि बल्ब विझेल. आता अगदी सावकाश उलट दिशेला आणा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा आणि क्लँप आवळा. इग्निशन लगेच बंद करा, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

काय चुकलं, ते आवाज सांगतो

दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी नेमकी कशी वागते, हे कुठल्या दोन वायरी आहेत त्यावर ठरतं. हे नीट समजून घेतलं तर बॉनेट उघडायच्या आधीच निम्मा तपास होतो.

१-३-४-२ च्या इंजिनात २ आणि ३ ची अदलाबदल झाली, असं धरा. ही जोडी आहे, त्यामुळे दोघांनाही ठिणगी बरोबर एक फेरी चुकून, एक्झॉस्ट संपत असताना मिळते. तिथं जळायला फारसं काही नसतं. दोन्ही सिलिंडर गप्प पडतात, गाडी १ आणि ४ वर थरथरत चालते, पिकअप मरतो, पण मोठा आवाज फारसा होत नाही. १ आणि ४ ची अदलाबदल झाली तरी हेच.

आता ४ आणि २ ची अदलाबदल झाली. हे क्रमातले शेजारी. ४ ला ठिणगी अर्धी फेरी उशिरा मिळते, म्हणजे पिस्टन खाली पोचत असताना. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तोवर उघडलेला असतो. न जळालेला वायू तिथं पेटतो आणि सायलेन्सरमध्ये बार होतो. २ ला मात्र ठिणगी अर्धी फेरी आधी मिळते, म्हणजे सक्शनच्या शेवटी, इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडा असताना. आग उलटी मॅनिफोल्डमध्ये जाते आणि कार्ब्युरेटर शिंकतो. म्हणजे पुढून शिंक आणि मागून बार असं दोन्ही ऐकू आलं, तर क्रमातल्या शेजारच्या दोन वायरी उलट्या आहेत. एलपीजी किट बसवलेल्या ओम्नीसारख्या गाडीत ही शिंक साधी नसते. पूर्ण मॅनिफोल्ड वायूनं भरलेला असतो, एअर फिल्टरचा डबाच फुटतो. म्हणून गॅसवरच्या गाडीत वायरींना हात लावला असेल तर पहिल्यांदा पेट्रोलवर सुरू करून बघा.

गाडी अजिबात सुरू होत नाही, प्लगला ठिणगी झकास आहे आणि सेल्फ मारताना कार्ब्युरेटरमधून भसाभस होतं. हा तिसरा प्रकार. इथं क्रम बरोबर असतो, पण सगळाच क्रम क्रँकच्या एका फेरीनं चुकलेला असतो, म्हणजे डेल्को अर्ध्या फेरीनं उलटा बसलाय, किंवा १ ला कॉम्प्रेशनऐवजी एक्झॉस्टच्या माथ्यावर धरून वायरी लावल्या आहेत. चार सिलिंडरला उपाय सोपा: चारही वायरी कॅपवर दोन-दोन भोकं पुढं सरकवा. सहाला तीन-तीन. तीन सिलिंडरला ही युक्ती चालत नाही. तिथं भोकं १२० अंशांवर आहेत, अर्धी फेरी दोन भोकांच्या मधोमध पडते, त्यामुळे डेल्को काढून नीटच बसवावा लागतो.

मेलेला सिलिंडर शोधायला एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. गाडी सुरू करून मिनिटभरच झालं असेल तेव्हा हे करायचं, नंतर सगळंच तापतं. चालू सिलिंडरच्या नळीवर थेंब चर्र करून उडतो, मेलेल्याच्या नळीवर ओघळून जातो. चालू गाडीची प्लग वायर हातानं उपटून बघायची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर सोडून द्या. झटका जबर बसतो आणि मोकळ्या ठिणगीनं कॉइल किंवा मॉड्यूल जातं.

क्रम बरोबर, तरी मिसिंग

वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. वायरींचं रबर कडक होतं, वाकवलं की बारीक तडे दिसतात. तिथून ठिणगी प्लगपर्यंत न जाता शेजारच्या धातूवर किंवा वायरीवर उडी मारते. लागोपाठ पेटणाऱ्या दोन सिलिंडरच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून गेल्या असतील तर एकीच्या झटक्यानं दुसरीत वीज उठते आणि शेजारचा सिलिंडर अवेळी पेटतो. त्यासाठी ४ आणि ३ च्या वायरी वेगळ्या ठेवा, क्लिपांमध्ये बसवा, गुंडाळीनं एकत्र बांधू नका.

कन्नड घाट किंवा कोंडाईबारी चढताना, गाडी भरलेली असताना मिसिंग येतं आणि सपाटीला जातं, हा वायर, कॅप आणि प्लगचाच दोष समजा. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला प्लगच्या फटीतून उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि वीज सोपी वाट शोधते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. गळणारी ठिणगी निळी, नाचताना दिसते. कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बदला. ती घासून काढली तरी रस्ता उरतोच. पावसाळ्यात तोरणमाळच्या धुक्यात सकाळी गाडी उठत नसेल, तर आधी कॅपच्या आतला ओलावा कोरड्या फडक्यानं पुसा.

डिझेल आणि नव्या गाड्या

डिझेलला ठिणगी नाही, पण क्रम तोच आहे, तो पंपाच्या नळ्यांत असतो. एका ओळीच्या पंपात आतला कॅमच फायरिंग ऑर्डरप्रमाणे घडवलेला असतो, म्हणून पंपाची १ नंबरची नळी १ च्या नोझलला, २ ची २ ला, अशी सरळ जाते. रोटरी पंपाची गोष्ट डेल्कोसारखी: त्याच्या तोंडांवर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात आणि नळ्या फिरण्याच्या दिशेनं १, ३, ४, २ अशा जातात. ए म्हणजे सहसा १ नंबर. नळ्या वळवलेल्या असल्यानं चुकीची नळी सहज बसत नाही. जोर लावून वाकवून बसवायची वेळ आली तर ती त्या जागेची नळी नाही.

जुन्या डिझेलचा मेलेला सिलिंडर शोधायला मंद चालू इंजिनावर नोझलच्या नळीचं नट अर्धा आटा ढिलं करतात. आवाजात फरक पडला नाही तो सिलिंडर मेलेला. हातमोजे घाला आणि तोंड लांब ठेवा. कॉमन रेल डिझेलवर मात्र हे कधीही करू नका. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, फवारा कातडीतून आत शिरतो आणि हात गमवायची वेळ येते. अशा गाडीला स्कॅनरच लावा.

नव्या पेट्रोल गाड्यांत डेल्कोच नाही. क्रँक आणि कॅमचे सेन्सर इसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) जागा सांगतात, इसीयू क्रमानं कॉइल पेटवतो. काही गाड्यांत एक कॉइल जोडीला मिळून असते: १ आणि ४ ला एकाच वेळी ठिणगी, २ आणि ३ ला एकाच वेळी. त्यातली एक ठिणगी कामाची, दुसरी एक्झॉस्टमध्ये वाया जाते. जोडीतल्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी अशी गाडी नीट चालते. एका जोडीतली वायर दुसऱ्या जोडीत गेली की बिघडते.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर कनेक्टर अदलाबदल होऊ शकतात. काढायच्या आधी प्रत्येकाला सुती दोरा बांधा आणि दोऱ्याला १, २, ३, ४ गाठी मारा. टेपवरचं पेन ऑइलनं पुसलं जातं, गाठ राहते. स्कॅनरवर पी०३०३ आलं तर शेवटचा ३ म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर, फायरिंग ऑर्डरमधला तिसरा नव्हे. १-३-४-२ मध्ये तिसरा पेटणारा ४ असतो, आणि इथंच चांगली कॉइल फुकट बदलली जाते. खात्री करायला ३ ची कॉइल २ वर आणि २ ची ३ वर ठेवा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. तो ३ वरच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघा.

चुकीच्या क्रमावर गाडी "चालतेय ना" म्हणून चालवू नका. न जळालेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि रिंगा कोरड्या घासतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तेच पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. वायरी दुरुस्त झाल्यावर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसली तर ते ऑइल आणि फिल्टर बदलूनच गाडी रस्त्यावर काढा.